उंबऱ्याचं काय करू?

नेरूळ, नवी मुंबई

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

नौपाड्याचं घर पाडायच्या आधी मी टेम्पो घेऊन आले, तेव्हा बाबा, तुम्ही म्हणालात, "एवढं लाकूड त्या दोन खोल्यांत ठेवणार कुठे? भंगारवाल्याला दे." तेव्हा मी गप्प बसले. आता सांगते कुठे ठेवलं ते.

माजघराच्या दारावर आम्ही जेवतो. त्याचं टेबल केलंय, कडी-कोयंडा तसाच. सुतारमामांनी आधी अख्ख्या दारावरून लोहचुंबक फिरवलं, कारण एखादा लपलेला खिळासुद्धा रंध्याचं पातं खातो. एकोणीस खिळे निघाले! हिरव्या रंगाखाली निळा, त्याच्याखाली पिवळा. मी मात्र कोरडं घासू दिलं नाही. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं; घरगुती रंगांतल्या शिशाला 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा लागली ती नोव्हेंबर 2017 पासून. घरात मनू रांगतेय, म्हणून सगळं बाहेर, मास्क लावून, पाणी मारत घासलं. खालून सागवान निघालं आणि मामा नुसते हात फिरवत बसले. वर जवसाचं तेल दिलं. त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेतात, म्हणून दोरीवर पसरून वाळवल्या.

स्वयंपाकघरातल्या नक्षीच्या फरशा काढताना निम्म्या फुटल्या. फार वाईट वाटलं. उरल्या त्या गॅलरीत बसवल्या. आई, त्या भट्टीत भाजलेल्या नाहीत, सिमेंट दाबून केलेल्या आहेत. नक्षीचा थर जाड असतो, घासला की परत उजळतो. पण ॲसिडने मरतो. दिवाळीला आपण ॲसिड ओतायचो, त्यानेच त्या फिक्या पडल्या होत्या.

फडताळाच्या दारांत आरसा बसवलाय.

राहिला उंबरा. मधोमध झिजून खोलगट झालाय, तुझ्या हळदी-कुंकवाचे डाग चिरांत आहेत. मामा म्हणतात, बाक छान होईल. पण ज्यावर तू कधी कुणाला पाय देऊ दिला नाहीस, त्यावर पाहुण्यांना कसं बसवू? सध्या जुन्या साडीत गुंडाळून भिंतीशी उभा केलाय. देवघराखाली आडवा ठेवला तर चालेल का? तू सांगशील तसं करते.

आणि बाबा, झोपाळ्याच्या पितळी कड्या गावी माळ्यावर आहेत. त्या मोडीत देऊ नका. गणपतीनंतर याल तेव्हा बरोबर आणा, छताला हूक लावून घेतलाय.

तुमची,
सुमी