पालिकेचं साप्ताहिक पत्रक पुढच्या आठवड्याबद्दल बोलू दे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

समुद्रकाठच्या शहरांच्या महापालिका हल्ली दर आठवड्याला नागरिकांसाठी अपडेट काढायला लागल्यात, कुठे पीडीएफ असते, कुठे व्हॉट्सॲप चॅनल, कुठे नुसत्या पाच-सहा इमेजेस, आणि ही चांगलीच गोष्ट आहे कारण आधी हेही नव्हतं, काही कळायचं तर वॉर्ड ऑफिसात कुणाच्या तरी ओळखीने किंवा पाणी दारात आल्यावर. मी ही पत्रकं नेमाने वाचते. पण वाचून झालं की दर वेळी तेच वाटतं, ह्यात सगळं होऊन गेलेलं आहे. अमुक ठिकाणी पाहणी झाली, तमुक ठिकाणी भूमिपूजन झालं, आढावा बैठक झाली, चौपाटीवर स्वच्छता मोहीम झाली आणि इतके टन कचरा उचलला. त्याबद्दल पालिकेच्या माणसांचं कौतुक आहेच, पण मला हवं असतं ते वेगळं, येत्या सोमवारपासून रविवारपर्यंत माझ्या वॉर्डात काय होणार आहे, कुठल्या गल्लीत, किती वाजता, आणि त्यासाठी मी आधी काय करून ठेवायचं.

हे मी किनाऱ्यावरच्या शहरांबद्दल मुद्दाम म्हणतेय. आतल्या शहरात पाऊस पडला की पाणी नाल्यात जातं, नाल्यातून नदीत जातं, वेळ लागला तरी वाट उघडी असते. आपल्याकडे नाल्याचं तोंड समुद्रात. भरती चढली की समुद्राची पातळी त्या तोंडाच्या वर जाते, मग समुद्राचं पाणी उलटं शहरात शिरू नये म्हणून फ्लड गेट बंद करावी लागतात, आणि तेवढा वेळ वरून पडणारं पावसाचं पाणी आतच अडकतं, ते पंपाने उपसाल तेवढंच बाहेर जाणार. म्हणजे तोच तासाभराचा जोरदार पाऊस ओहोटीला पडला तर थोड्या वेळात ओसरतो आणि ऐन भरतीला पडला तर गुडघाभर पाणी. त्यामुळे नुसतं "मुसळधार पावसाची शक्यता" एवढंच सांगून किनाऱ्यावरच्या माणसाला अर्धीच माहिती मिळते, त्याला भरती किती वाजता आणि किती मीटरची हेही त्याच वाक्यात पाहिजे.

आणि ह्या सगळ्यात भरती ही एकच गोष्ट अशी आहे की जी फार आधीपासून माहीत असते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून आजची भरतीची वेळ उद्या जवळपास ५० मिनिटं पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान भरती. कोळीवाड्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, तो ह्यावरच होडी काढतो. पण शहरात नव्याने राहायला आलेल्याला, तळमजल्यावर भाड्याने खोली घेतलेल्याला, रिक्षावाल्याला, दुकानदाराला कोण सांगणार? वर्षभराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधीच छापून तयार असतं, त्यातल्या सात दिवसांच्या सात ओळी उचलून पत्रकाच्या अगदी वरच्या बाजूला टाकायच्या, ह्याला ना जास्तीचा निधी लागतो ना कुणाची मंजुरी.

माझ्या ओळखीतल्या एक काकू सखल भागात तळमजल्यावर राहतात. पावसाळा लागला की त्यांचा फ्रिज चार विटांवर चढतो, कपाटाचा खालचा कप्पा रिकामा होतो, कागदपत्रांची पिशवी खुंटीला लागते. राहतात त्या दोन जड पेट्या, त्या कॉटवर चढवायला दोन माणसं लागतात आणि त्यांचा मुलगा शिफ्टला जातो. आता ह्या काकूंना सोमवारी कळलं की गुरुवारी दुपारी दीडच्या सुमाराला मोठी भरती आहे आणि हवामान खात्याने त्या दिवशी ऑरेंज अलर्ट दिलाय, तर बुधवारी रात्रीच मुलगा पेट्या वर चढवून कामाला जाईल. तोच मेसेज गुरुवारी साडेबाराला आला तर त्या एकट्या काय करणार, पाण्यात उभं राहून कुणाची तरी वाट बघणार. माहिती तीच असते हो, फक्त तीन दिवस आधी मिळाली तर तिचा उपयोग होतो.

ह्यावर कुणी म्हणेल की पाऊस आठवडाभर आधी वॉर्डाप्रमाणे सांगता येत नाही. बरोबर आहे, नाही सांगता येत, आणि कुणी तसा आग्रह धरूही नये. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७५ मिलिमीटरच्याही आत, एकाच दिवशी, आणि त्यात भर दुपारची भरती. पाऊस असा वागतो म्हणूनच तर जे आधीपासून ठाऊक आहे ते तरी नीट सांगा. भरतीच्या वेळा ठाऊक आहेत, कुठले रस्ते खोदलेत ते ठाऊक आहे, कुठल्या पंपाचं काम अजून अर्धवट आहे ते तर पालिकेलाच ठाऊक आहे. दर पावसाळ्यात पाणी कुठे साचतं त्या जागांची यादी पालिकेकडे असतेच, त्या यादीसमोर त्या आठवड्यातल्या मोठ्या भरतीची वेळ लिहिली की लोकांचं अर्धं काम होतं. हवामान खात्याचा पिवळा, केशरी, लाल रंग शेवटच्या दोन-तीन दिवसांत कळेल तसा त्यात भरत जायचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा, हेही दर वेळी एका ओळीत लिहा, सगळ्यांच्या लक्षात राहत नाही.

बाहेरची शहरं हे करतायत. इटलीतल्या व्हेनिसमध्ये पालिकेचं स्वतंत्र भरती केंद्र आहे, ते पुढच्या काही दिवसांची भरतीची उंची सेंटीमीटरमध्ये जाहीर करतं, आणि मोठी भरती येणार असली की शहरात भोंगा वाजतो, त्या भोंग्याच्या सुरांवरून कळतं की पाणी किती चढणार, सूर जास्त तर पाणी जास्त. पुस्तक न उघडता, मोबाईल न बघता म्हाताऱ्या माणसालाही कळतं. त्या शहरात १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७ सेंटीमीटर पाणी चढलं होतं, १९६६ च्या १९४ नंतरचं सगळ्यात मोठं, आणि ऑक्टोबर २०२० पासून तिथे समुद्राच्या तोंडाशी उचलते बांध वापरायला सुरुवात झाली, तरी लोकांना आधी सांगायचं काम काही थांबलं नाही. न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाची लाट नेमकी पौर्णिमेच्या भरतीवर आली, मेट्रोच्या बोगद्यांत पाणी भरलं, त्यानंतर त्या शहराने २०१३ मध्ये वादळात घरं रिकामी करायच्या भागांची नव्याने आखणी करून त्यांना १ ते ६ नंबर दिले आणि आपला नंबर ओळखा म्हणून लोकांच्या मागे लागले. आपल्याकडे हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारं केंद्र सरकारचं केंद्र, समुद्राच्या उंच लाटांचे इशारे देतं, काम चांगलं आहे त्यांचं, पण तो इशारा मच्छीमार सोसायटीपर्यंत पोचतो आणि चौपाटीवर पोरांना घेऊन गेलेल्या आईबापांपर्यंत पोचत नाही. पालिकेच्या पत्रकाने हे मधलं अंतर भरून काढायचं.

चौपाटीवरून आठवलं. समुद्राचं पाणी अंगाला लावण्यासारखं आहे का हे आपल्याला कुणीच सांगत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये कायद्यानेच ठरवलंय की एप्रिल ते ऑक्टोबर ह्या काळात गर्दीच्या किनाऱ्यांचं, जिथे नाल्याचं पाणी समुद्रात येतं तिथलं, आठवड्यातून एकदा तरी पाणी तपासायचं, त्यात मैलापाण्यातले जंतू किती आहेत ते बघायचं आणि प्रमाणाबाहेर गेलं की किनाऱ्यावर पाटी लावायची. शिवाय पाऊस पडल्यावर तीन दिवस पाण्यात उतरू नका असा सल्ला तिथे नेहमी देतात, कारण पहिल्या पावसात रस्त्यावरची आणि गटारातली सगळी घाण समुद्रात येते. जंतूंची तपासणी म्हणजे नमुना प्रयोगशाळेत जवळपास दिवसभर ठेवावा लागतो, त्यामुळे निकाल येतो तो आदल्या दिवसाच्या पाण्याचा, हेही लोकांना सांगायला हवं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आपल्याकडे तर पाण्यात उतरणारी लहान पोरं असतात, किनाऱ्याशी जाळी ओढणारे असतात, मूर्ती विसर्जनाला छातीभर पाण्यात जाणारे असतात. आठवड्याच्या पत्रकात प्रत्येक चौपाटीपुढे एक शब्द, चांगलं किंवा टाळा, आणि नमुना कधी घेतला ती तारीख. एवढं मिळालं तर मी कचऱ्याच्या टनांचा आकडा नाही विचारणार.

पाणीपुरवठ्याच्या नोटिशीबद्दलही लिहायलाच हवं. "तांत्रिक कारणास्तव काही भागात पाणीपुरवठा कमी दाबाने होईल, नागरिकांनी सहकार्य करावे." काही भागात म्हणजे कुठल्या? वाचणारा प्रत्येक माणूस आपलाच भाग धरून पिंप भरतो आणि मग ज्यांचं पाणी जाणार नव्हतं त्यांनीही भरून ठेवल्याने सगळीकडेच दाब कमी होतो. जलवाहिनी कुठली, कुठल्या टाकीवरचे रस्ते, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, पाणी परत आल्यावर पहिलं गढूळ येईल का, उकळून प्यायचं का, किती दिवस. हे सगळं त्या वॉर्डच्या ज्युनिअर इंजिनिअरला पाठ असतं, तो विचारल्यावर तोंडी सांगतोही, मग कागदावर का येत नाही ते मला कळत नाही.

आणि सगळ्यात जास्त मला जे लागतं ते हरकती-सूचनांच्या बाबतीत. मध्यंतरी किनाऱ्यालगतच्या एका प्रस्तावाची बातमी मी एका पालिकेच्या साप्ताहिक अपडेटमध्ये वाचली, नकाशा उघडून बघितला, काय लिहायचं तेही ठरवलं, आणि खाली बघते तर हरकती द्यायची मुदत आदल्या आठवड्यातच संपलेली. ही माहिती द्यायची तर मुदत चालू असताना द्या ना. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ स्पष्ट सांगतं की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं आखताना किंवा निर्णय जाहीर करताना त्यातली सगळी संबंधित माहिती शासकीय यंत्रणेने स्वतःहून प्रसिद्ध करायची, कुणी अर्ज करायची वाट न बघता. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण जनसुनावणीसाठी तर २००६ च्या अधिसूचनेत लोकांना किमान ३० दिवस द्यायचे आणि एका राष्ट्रीय व एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात जाहिरात द्यायची असं लिहिलेलंच आहे. म्हणजे कायद्याला लोकांनी आधी वाचावं असं वाटतं. मग साप्ताहिक पत्रकात एक कायमचा कोपरा करायचा, ह्या आठवड्यात मुदत संपणाऱ्या गोष्टी, प्रस्ताव कुठे बघायला मिळेल, कुणाकडे लिहायचं, किती तारखेपर्यंत. वॉर्ड समितीची बैठक असेल तर तिचे विषयही तिथेच. कॅलिफोर्नियात स्थानिक संस्थांना नेहमीच्या बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, बैठका लोकांसाठी खुल्या ठेवायचा कायदा तिथे १९५३ चा आहे आणि ७२ तासांची अट त्यात नंतर आली. आपल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांना वॉर्ड समित्या दिल्या, पण तिथे उद्या काय चर्चा होणार हे शेजारच्या बिल्डिंगला माहीत नसतं, मग त्या समितीला लोकांची म्हणायची कशी?

अजून एक, मागच्या वेळी सांगितलं होतं त्याचं काय झालं हे कधीच परत येत नाही. नाल्याची भिंत आठ दिवसांत पूर्ण होईल म्हणून छापता, नऊ दिवसांनी नवीन पत्रकात ती भिंतच गायब. झालं नसेल तर झालं नाही असं लिहा, ठेकेदाराला मुदतवाढ दिली, पाऊस आला, सामान आलं नाही, जे असेल ते. लोक समजून घेतात, खरंच घेतात, पण त्यांना गप्प बसणं समजत नाही. काम पूर्ण होईपर्यंत ती ओळ पत्रकातून काढायची नाही एवढा एक नियम केला तरी पुष्कळ होईल.

आणि कृपा करून सगळं इमेजमध्ये टाकू नका. अक्षरं बारीक असतात, मोठी करायला गेलं की फुटतात, आपल्या रस्त्याचं नाव शोधता येत नाही, आणि ज्यांना दिसत नाही ते फोनकडून वाचून घेतात त्यांना इमेज म्हणजे कोरा कागद. साधा मजकूर पाठवा, सोबत दोन मिनिटांची ऑडिओ क्लिप, बोटीवर असलेल्या माणसालाही ऐकता येते.

संपादक साहेब, तुमच्याकडे मागणं असं आहे की पालिका हे करेपर्यंत निदान भरतीच्या वेळांपासून तुम्ही सुरुवात करा. दर रविवारी पान दोनवर एक छोटी चौकट, सात दिवस, प्रत्येक दिवसाच्या दोन भरत्यांची वेळ आणि उंची, मोठ्या उधाणाचे दिवस ठळक, खाली त्या आठवड्यात हरकतींची मुदत संपणारे प्रस्ताव आणि पाणी बंद राहणारे रस्ते, जेवढे पालिकेकडून मिळतील तेवढे. जे मिळालं नाही त्याच्यापुढे "पालिकेकडून माहिती आली नाही" असं छापा. तुमच्या वार्ताहरांना विचारायला कोण आहे हे माहीत असतं, आमच्यापैकी प्रत्येकाने वेगवेगळं वॉर्ड ऑफिस गाठण्यापेक्षा ते एकाच फोनमध्ये होईल. चौकट कापून दाराच्या मागे चिकटवता येईल एवढी ठेवा, आणि टाईप जरा मोठा.

आपली,
एक नियमित वाचक