५६ एपीओ (फौजेच्या टपालाचा पत्ता)

महोदय,

१९८७ च्या ऑक्टोबरात भारतीय शांतिसेनेतली आमची पलटण श्रीलंकेतल्या जाफन्याला उतरली. यादवी त्यांची, गोळ्या मात्र आमच्याही वाट्याला. तंबू गळायचा, म्हणून घरची आंतर्देशीय पत्रं मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी ठेवायचो. मायला लिहिता येत नव्हतं. शाळेतले गुरुजी तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवायचे : ‘गाय व्यायनी. तू कव्हय येशी?’ ते पत्र हाती पडलं तोवर वासरू चरायलाही लागलं असेल!

मार्च १९९० मध्ये शांतिसेना परतली. १,१०० हून अधिक जवान परतलेच नाहीत. परवा बाजारात एकानं मला विचारलं, ‘श्रीलंकेत कसली लढाई?’ कारगिलवर आपण दरवर्षी छापता, जरूर छापा. एखाद्या ऑक्टोबरात आमच्यासाठीही अर्धं पान ठेवा.

– एक माजी सैनिक, पारोळा (जि. जळगाव)