नाटकघराची मागची बाजूही दाखवा

महोदय,

उन्हाळ्यात मुलीकडे स्टॉकहोमला गेलो होतो. तिथून बोटीने तासाभराच्या अंतरावर ड्रॉटनिंगहोमचा राजवाडा आहे. राजघराणं आजही तिथे राहतं, पण मला ओढ होती ती वाड्यालगतच्या १७६६ सालच्या नाटकघराची.

आत गाइडबरोबरच सोडतात. संगमरवरी वाटणारं नक्षीकाम पाहून मी 'वा!' म्हणालो, तर गाइड हसली. सगळं रंगवलेलं लाकूड आणि कागदाचा लगदा! खरी मजा रंगमंचाखाली. रहाटासारखं मोठं चक्र माणसांनी फिरवलं की दोरखंड ताणले जातात आणि दोन्हीकडच्या विंगा एकदम सरकतात. काही सेकंदांत बागेच्या जागी दुसराच देखावा. पेटीत दगड गडगडवून मेघगर्जना, पीळदार लाकडी लाटा फिरवून समुद्र. आपल्या जुन्या नाटक मंडळींना हे पाहून मोह झाला असता. राजा तिसरा गुस्ताव्ह १७९२ मध्ये मुखवट्यांच्या नाचात गोळी लागून गेला, आणि हे थिएटर ओस पडलं. १९२१ मध्ये आग्ने बायर या अभ्यासकाने दार उघडलं तेव्हा यंत्रणा धुळीखाली शाबूत होती. (त्याच वर्षी इकडे बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे गायक नट एकत्र 'संयुक्त मानापमान' हे नाटक करत होते.) आता तिथे मेणबत्त्याही विजेच्या आहेत. हीटर नसल्यामुळे प्रयोग फक्त उन्हाळ्यात होतात. जाणाऱ्यांनी स्वेटर न्यावा, तिथला उन्हाळा आपला नव्हे.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह म्हणजे शाहू महाराजांनी उभारलेलं 'पॅलेस थिएटर'. ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळालं तेव्हा आपण सारे हळहळलो. पण प्रेक्षक म्हणून गेलेल्यांपैकी कितीजणांनी त्याची मागची बाजू पाहिली होती?

पुण्यात परतल्यावर नातवाला घेऊन एका नाट्यगृहात गेलो. म्हटलं, प्रयोग नाही तर पाच मिनिटं विंगेतून रंगमंच दाखवता का? 'तशी पद्धत नाही' एवढंच उत्तर मिळालं.

मग पद्धत पाडावी. बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला खुद्द बालगंधर्वांनी १९६२ मध्ये बसवली. १९६८ पासून तिथे घंटा वाजते आहे. महापालिकेने महिन्यातली एक रिकामी सकाळ राखून ठेवावी, वीस-पंचवीस जणांना तिकीट लावून आत न्यावं. पडदा कुठून ओढतात, लाइट कोण टाकतो, मेकअपची खोली कशी असते, सगळं दाखवावं. माहिती सांगायला रंगमंच कामगारच असावेत आणि तिकिटाचे पैसेही त्यांनाच मिळावेत.

– एक नाट्यरसिक, सदाशिव पेठ, पुणे