तरडगावला पालखी येईल तेव्हा

॥ श्री विठ्ठल प्रसन्न ॥

स्टुटगार्ट (जर्मनी), ज्येष्ठ शुद्ध एकादशी

ती. आबा आणि आईस शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. आई फोनवर दर वेळी विचारते तेच आधी सांगते. माळ गळ्यातच आहे. इथं पेशंटला हात लावायचा तर अंगठी, घड्याळ, बांगडी काही चालत नाही, जंतू राहतात म्हणून. पण तो नियम हातांचा. माळ मी दुपदरी करून गणवेशाच्या आत ठेवते. एकादशीही मोडलेली नाही. साबुदाणा मिळतो, शेंगदाणे मिळतात, त्यामुळे मी वाळले वगैरे काही नाही. फोटोत तसं दिसतं.

इथली एक रीत मात्र सांगायलाच हवी. नव्या जागी राहायला आलं की दोन आठवड्यांत पालिकेच्या ऑफिसात पत्ता नोंदवायचा. तिथं धर्म विचारतात. कॅथलिक किंवा इव्हँजेलिकल, म्हणजे इथले प्रोटेस्टंट, म्हटलं की पगारातून जो आयकर कापतात, त्यावर आणखी चर्चचा कर बसतो. आमच्या राज्यात ८ टक्के, बहुतेक राज्यांत ९. म्हणजे आयकर शंभर युरो असेल तर वर आठ युरो. कापतं सरकार आणि देतं चर्चला. (आपल्याला तो नाही, आई, माझे काही जात नाहीत.) आणि नको असेल तर जन्म-मृत्यूच्या नोंदी करतात त्या ऑफिसात जायचं, फी भरायची, सही करायची. झालं, माणूस चर्चमधून बाहेर.

आमच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर यजमान वारल्यावर अशी सही करून आल्या. मला विचारत होत्या, तुमच्यात बाहेर पडायचं तर कुठं जातात? तेव्हा मला तुमचं बोलणं आठवलं, आबा. यंदा दिंडीला भाकरी घालायची नाही, पालखी दारावरून गेली तरी बाहेर यायचं नाही, असं म्हणालात तुम्ही. एवढी वर्षं सेवा केली आणि त्यानं पोरगाच नेला, मग कसला देव. मी फोनवर गप्प बसले, कारण मलाही तेच वाटलेलं आहे.

दादा गेला त्या वर्षी हरिपाठ म्हणताना मला राग यायचा. रात्रपाळी संपवून खोलीवर यायचे आणि विठ्ठलाला नाही नाही ते बोलायचे. वहिनीच्या पदरात दोन वर्षांचं लेकरू, आणि तू कुठं होतास? उत्तर आलं नाही, अजूनही नाही. पण बोलायला तोच होता. इथं दादाला ओळखणारं दुसरं कोण आहे? हरिपाठ सोडला असता तर दादाबद्दल बोलायची जागाच गेली असती. म्हणून म्हणत राहिले, रागानं का होईना.

तुम्हीच आम्हाला लहानपणी सांगायचात, १६३०च्या दुष्काळात तुकोबांची रखमाबाई अन्नावाचून गेली, संतू गेला, व्यापार बुडाला. आणि तुकोबा विठोबाशी किती कडक भांडले, तेही सांगायचात. तुम्हीही भांडा. माउलींसमोर उभं राहून भांडा, पण दार लावून घेऊ नका. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण झालं की माणसं भुकेली येतात तरडगावात. दादा पिठल्याचं पातेलं उचलायचा. यंदा शेजारच्या पोरांना सांगा. मी असायला हवी होते, हे मला कळतं. दादा गेल्यावर महिन्याभरात मी विमानात बसले, आई एकटी पडली. पण भाषेच्या क्लासचं कर्ज होतं, आणि ते फिटत आलंय.

या महिन्यात थोडे जास्त पाठवलेत. सोसायटीचा हप्ता आधी भरा, उरतील ते दिंडीच्या पिठाला. वहिनीच्या नावानं निराळे टाकलेत, ते तिलाच द्या, बाळाच्या शाळेला लागतील. तुमच्या गुडघ्याचं औषध टाळू नका.

फलटणच्या स्थळाचं आईनं लिहिलं. माणसं माळकरी आहेत म्हणून तिला बरं वाटतंय, मलाही वाटलं. पण लग्नानंतरही मी घरी पैसे पाठवणार, हे त्यांना आधी स्पष्ट सांगा. रजा दिवाळीला मिळेल असं वाटतं, अजून लेखी नाही. म्हणून तारीख ठरवू नका, आधी मला फोन करा.

आजीला नमस्कार, बाळाला पापा.

तुमची,
रूपा