गंजलेल्या गाड्यांच्या देखणेपणाविषयी

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील ‘रॅट रॉड’ गाड्यांची छायाचित्रे आणि त्यांवरील टिपण प्रसिद्ध झाले. रंग देण्याची ऐपत असताना गंजक्या पत्र्याची गाडी मिरवणे म्हणजे गरिबीचे सोंग होय, असा त्या टिपणाचा सूर आहे. माझी सारी नोकरी मोटारींच्या पेंट शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याला गंज लागू न देण्याच्या कामात गेली आहे. तेव्हा हा आक्षेप सर्वांत आधी मला पटायला हवा. तरीही तो अर्धाच खरा आहे असे मला वाटते, म्हणून हे पत्र.

रॅट रॉड ज्यांतून निघाल्या त्या हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या गाड्यांचे मूळ दक्षिण कॅलिफोर्नियातील म्युरॉक आणि एल मिराज या कोरड्या तलावांच्या सपाट पात्रांत आहे. 1930 च्या दशकात तेथे शर्यतींसाठी जमणाऱ्या तरुणांकडे पैसा बेताचा होता. मात्र फोर्डच्या मॉडेल टी आणि मॉडेल ए या गाड्या लाखोंनी खपलेल्या असल्यामुळे त्या जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळत. 1932 मध्ये फोर्डने सामान्यांना परवडणाऱ्या गाडीत 65 अश्वशक्तीचे व्ही-8 इंजिन आणले आणि पुढे तेच इंजिन जुन्या, हलक्या गाड्यांवर चढू लागले. वजन घटावे म्हणून मडगार्ड व बॉनेट काढून टाकायचे, वारा कमी अडावा म्हणून टप कापून बसका करायचा आणि हाती उरेल तो पैसा कार्बोरेटर व सिलिंडर हेडवर लावायचा, असा तो व्यवहार होता. रंगाची पाळी शेवटी येई आणि बहुधा प्रायमरवरच, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावरच भागे. महायुद्धानंतर 1946 मध्ये बिल बर्क याने तर लढाऊ विमानाच्या इंधनाच्या सुट्या टाकीलाच चाके लावून शर्यतीची गाडी बनवली. त्या ओबडधोबड रूपात सोंग नव्हते, निव्वळ हिशेब होता.

चकाकी मागाहून आली, आणि तीही सुरुवातीला निरुपद्रवी होती. कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या प्रदर्शनात अमेरिकेतील सर्वांत सुंदर रोडस्टरचा, म्हणजे उघड्या टपाच्या गाडीचा, पहिला मान 1950 मध्ये बिल नीकॅम्पच्या 1929 सालच्या फोर्डला मिळाला, आणि तीच गाडी पुढे एल मिराजवर ताशी 142 मैलांनी धावली. बिघाड झाला तो पुढच्या काही दशकांत. रंगाचे थर आणि क्रोमचा खर्च इतका वाढला की ओरखड्याच्या भीतीने गाडी ट्रेलरवरून प्रदर्शनात न्यायची आणि ट्रेलरवरूनच घरी आणायची, ही रीत पडली. रॅट रॉड हा त्या रीतीवरचा राग आहे. आपल्या टिपणात या पार्श्वभूमीचा उल्लेखही नसल्यामुळे वाचकाला गंज तेवढा दिसला, त्यामागचे भांडण दिसले नाही.

या गाड्यांत मला आवडते ते त्यांचे उघडेपण. चकचकीत रंगाखाली लांबी (पुट्टी) किती भरली आहे, कुठला पत्रा ठोकून सरळ केला आहे आणि कुठे नवा जोड दिला आहे, हे आम्हा पेंटवाल्यांखेरीज कोणाला कळत नाही. किंबहुना ते कळू नये यासाठीच आम्हाला पगार मिळे. रॅट रॉडमध्ये वेल्डिंगचा प्रत्येक टाका, हातोडीचा प्रत्येक घाव आणि पुढच्या अॅक्सलची सारी जोडणी डोळ्यांसमोर असते. दाराच्या मुठीपाशी हात लागून लागून मूळ रंग उडालेला असतो, जुन्या मालवाहू गाडीच्या दारावर कोण्या दुकानाची पुसट अक्षरे शिल्लक असतात. असा रंग कोणत्याही स्प्रे गनमधून निघत नाही.

आक्षेपाचा खरा अर्धा भाग येथे सुरू होतो. मीठ, व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड फवारून नव्या पत्र्यावर काही तासांत गंज चढवला जातो. फायबरग्लासची बॉडी कधीच गंजू शकत नाही, पण तिच्यावरही गंजाचे चित्र रंगवणारे महाभाग आहेत! अशा गाडीला आपल्या टिपणकारांनी सोंग म्हटले तर मी त्यांच्याच बाजूने उभा राहीन.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तांब्यावरचा हिरवट थर खालच्या धातूला राखतो, लोखंडाचा गंज तसे करत नाही; तो सच्छिद्र असतो, मूळ धातूपेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि पापुद्रे सुटत आत शिरतो. अॅरिझोना-नेवाडाच्या वाळवंटात हवेत ओलच नसल्यामुळे तो अनेक दशके पृष्ठभागावरच राहू शकतो, आणि म्हणूनच तिकडच्या बॉडींना एवढी मागणी असते. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत तीच गाडी उघड्या पत्र्याने ठेवली, तर गंज पावसाळ्यागणिक पत्रा खात जाईल. जाणकार बांधणारे दारावरचा गंज जवसाच्या तेलाने किंवा मॅट क्लिअर कोटने, म्हणजे चकाकी नसलेल्या पारदर्शक थराने, थोपवतात. चासी (गाडीचा सांगाडा), ब्रेकच्या नळ्या आणि स्टिअरिंगचे सांधे मात्र नवे व निर्दोष ठेवतात. जो बांधणारा येथेही जुनेपण मिरवतो, त्याचे कौतुक होता कामा नये.

आपल्याकडे रस्त्यावर असा प्रयोग करण्यास कायद्याने फारशी जागा नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 विषयी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये दिलेल्या निर्णयानुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि 2021 च्या विंटेज वाहन नियमांत 50 वर्षांहून जुनी, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेलीच गाडी बसते. वर्दळीच्या रस्त्यांचा विचार करता मला हे योग्यच वाटते.

मात्र या नियमांत गाडी चकचकीत असावी असे कोठेही म्हटलेले नाही. अमेरिकेतील पेबल बीचसारख्या जुन्या गाड्यांच्या नामांकित प्रदर्शनात जीर्णोद्धार न केलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग असतो. आपल्याकडील विंटेज रॅलींच्या आयोजकांनीही तसा वर्ग ठेवावा, म्हणजे आजोबांच्या गाडीचा मूळ रंग केवळ बक्षिसाच्या आशेने खरवडून काढण्याची वेळ नातवंडांवर येणार नाही.

आपला,
एक निवृत्त पेंट शॉप अभियंता, चिंचवड