बेडका, झेरॉक्स आणि कव्हर घातलेलं मशीन : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब, कर्नाटक राज्य, बेंगळूरू,
बेळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यातून नमस्कार.

पत्र मराठीत आहे, सोबत कन्नडमध्ये करून पण पाठवायलोय, तेव्हा भाषा बघून बाजूला ठेवू नका. सीमावाद, म्हादई असलं काही यात नाही. विषय आहे आमच्या इथल्या सरकारी दवाखान्यातल्या एका मशीनचा. दवाखान्याचं नाव मुद्दाम घालत नाही, नाहीतर तिथल्या एका नर्सबाईला नोटीस निघणार आणि विषय संपला म्हणणार.

माझी आत्या तीस वर्षं विड्या वळायची. दोन महिने खोकला, संध्याकाळी ताप, ब्लाऊज सगळे ढगळ झालेले. दवाखान्यात बेडका दिला, मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि टीबी नाही म्हणून सांगितलं. मी म्हटलं पीसीआरचं, म्हणजे जंतूच्या डीएनएच्या कॉप्या काढून तो शोधणारं मशीन आहे न्हवं, त्यावर लावा की. तर दर टेस्टला नवी घालायला लागते ती चिप, त्या संपल्यात. पुढच्या आठवड्यात गेलो तर चिप आलेल्या, खरं टेक्निशियन दुसऱ्या ड्यूटीवर. मशीनवर गुलाबी फुलांचं प्लास्टिक कव्हर, त्याच्यावर रजिस्टर, रजिस्टरवर चहाचा कप. शेवटी बस धरून बेळगावला नेलं, तिथं पीसीआर केलं आणि त्याच दिवशी टीबी निघाला. या सगळ्यात पाच आठवडे गेले, आणि हे पाच आठवडे दोन नातवंडं रोज तिच्या कुशीत झोपायची.

आता मायक्रोस्कोपवाला खोटं बोलला असं नाही. त्याला जंतू दिसायला एका मिलीलिटर बेडक्यात साधारण 10,000 तरी लागतात. पीसीआरला शे-दीडशे असले तरी भागतं. एवढा फरक का ते सांगतो, मी बीएस्सी मायक्रोबायोलॉजी करून झेरॉक्सचं दुकान चालवतो, त्यामुळं हे मला सांगता येतं (डिग्रीचा तेवढाच उपयोग झाला म्हणा).

माझ्या दुकानात एका पहाणीच्या (आमच्याकडचा सातबारा) शंभर कॉपी काढायच्या तर शंभरही त्या एका ओरिजिनलवरनंच निघतात. पीसीआरमध्ये निघालेली प्रत्येक कॉपी पुढच्या फेरीत स्वतःच ओरिजिनल होते. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि सगळं नीट चाललं तर 30 फेऱ्यांत एकाचे 107 कोटी. आणि अख्खं पुस्तक छापत नाही ते. प्रायमर म्हणून डीएनएचे दोन छोटे तुकडे घालतात, ते खुणेच्या दोऱ्यासारखे पानाच्या अलीकडं-पलीकडं बसतात, मधलं तेवढंच छापलं जातं. टीबीच्या जंतूचं पानच नसेल तर दोरा बसायला जागा नाही, मग छपाई पण नाही. फेरी म्हणजे नुसता गरम-गारचा खेळ आहे: 95 डिग्रीला डीएनएचे दोन पदर सुटतात, साधारण 55-60 ला प्रायमर चिकटतात, 72 च्या आसपास पॉलिमरेज नावाचं एन्झाईम उरलेला पदर विणतं. 1983 साली कॅरी मुलिस या अमेरिकन माणसाला रात्री गाडी चालवताना हे सुचलं, 1993 ला नोबेल मिळालं. खरं सुरुवातीला एन्झाईम 95 डिग्रीला मरायचं, दर फेरीला नवीन घालावं लागायचं. मग यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यातल्या एका जंतूचं एन्झाईम वापरलं, त्याला कढत पाणी म्हणजे घरचं न्हाणीघर.

मोजायचं कसं, ही यातली खरी गंमत. शेवटी किती कॉपी झाल्या हे मोजून उपयोग नाही, कारण नळीतला छपाईचा कच्चा माल संपला की जास्तवाली नळी आणि कमीवाली नळी दोन्ही सारख्याच थांबतात. म्हणून छपाई चालू असतानाच बघतात. नळीत चमकणारा रंग असतो, कॉपी वाढतील तसा उजेड वाढतो, आणि कितव्या फेरीला उजेड ठरलेल्या रेषेवर गेला तो सीटी आकडा, कोरोनात सगळ्यांच्या तोंडी होता तोच. आकडा लहान म्हणजे जंतू जास्त. दहा फेऱ्यांचा फरक म्हणजे जवळजवळ हजारपट फरक, दहा टक्के नव्हे. आमच्याकडं लोक 18 पेक्षा 28 वाईट म्हणून रडायचे, कारण रिपोर्ट हातात द्यायचे, सांगायचं कुणी नाही.

साहेब, ट्रूनॅटसारखं पीसीआरचं मशीन बॅटरीवर चालतं, तासाभरात सांगतं, आणि बनवणारी कंपनी गोव्याची, म्हणजे आमच्यापासून चोर्ला घाट उतरला की झालं. जंतू सापडला तर त्याच डीएनएवर दुसरी चिप लावून रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडणार की नाही तेही कळतं, मायक्रोस्कोपला हे या जन्मात जमायचं नाही. म्हणजे मशीनबद्दल माझी तक्रारच नाही. मशीन विकत घेतलं, फोटो निघाला, आणि चिपचं इंडेंट (मागणीपत्र) आणि माणसाची ड्यूटी यांच्यात ते अडकून पडलं, ही तक्रार आहे. चिप नसेल तर ते नुसतं टेबल.

मागणी मोठी नाही. संशयित टीबीचा पहिला बेडका पीसीआरवरच जाऊ दे. चिप संपायच्या महिनाभर आधी मागवा. मशीन चालवता येणारी दोन माणसं ठेवा, एक रजेवर गेला तर दुसरा. आणि दवाखान्याच्या दारात फळा लावा, या महिन्यात मशीन किती दिवस बंद होतं ते कन्नडमध्ये आणि मराठीत लिहा, आम्ही वाचू.

आत्याला आता बरं आहे, दोन किलो वजन वाढलं. सोमवारी परत बेडका द्यायचाय, तो मायक्रोस्कोपखालीच बघणार आणि ते बरोबरच आहे, पीसीआर मेलेल्या जंतूचा डीएनए पण छापतं, औषध लागू पडलं का हे त्यावरनं कळत नाही. गेल्यावर कव्हर निघालंय का तेवढं बघून येतो.

आपला,
एक झेरॉक्सवाला