डावं मडगार्ड

प्रिय बंड्या,

आठ महिने झाले तुला फोन नाही, तुझ्या मेसेजला मी नुसता अंगठा दाखवतो, तर काय शिव्या द्यायच्या त्या आधी देऊन घे. तब्येत ठीक. शुगर होती तिथंच आहे. अण्णा ब्याऐंशीचे झाले, कानानं कमी आणि तोंडानं जास्त.

आपली स्टारवाली ट्रक खोलायला घेतली भो. खरंच. किती वर्षं खळ्यात उभी होती, कोंबड्या अंडी घालत होत्या सीटखाली. १९६६ ची गाडी. टाटा आणि मर्सिडीजचा करार १९५४ चा, १९६९ ला संपला आणि मग पुढच्या गाड्यांवरून स्टार गेला, हे मी येईल-जाईल त्याला ऐकवून राहिलो. बायको म्हणते गाडीची जन्मपत्रिका तोंडपाठ, लग्नाची तारीख विचारली की मोबाइल बघता. व्हिंटेजमध्ये नोंद होईल का म्हणून एजंटाला विचारलं, तर २०२१ च्या नियमात पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि चारचाकी. त्यानं खाली वाकून आपली चाकं मोजली. सहा भरली. चहा पिऊन गेला.

भुसावळचा मामू येतो डेंटिंगला, आणि हाताखाली कोण माहितीये का, आपल्या गाडीवरच्या दादूचा धाकटा. त्याच्याबद्दलच लिहायला बसलो, पण आधी हे ऐक.

मला वाटलं होतं पाने घेऊन बसलं की दोन दिवसात गाडी मोकळी. तसं नसतं रे. आधी बॅटरी आणि डिझेलची टाकी उतरवली, कारण गॅसची ज्योत लावायची वेळ येतेच. मग सगळ्या बाजूंनी फोटो, वायरींना चिकटपट्ट्या, प्रत्येक भागाला नंबर, आणि बोल्ट आईच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत. आई असती तर मला त्याच बरणीत घातलं असतं. आदल्या रात्री प्रत्येक नटावर डिझेल आणि जुनं ऑइल सोडायचं, सकाळी पाना लावून आधी जरासा आवळायचा, कट्ट आवाज आला की मग सोडायचा. मी घाईत सरळ सोडायला गेलो आणि पहिल्याच दिवशी तीन बोल्ट मोडले. मामू काही बोलला नाही, फक्त पाना माझ्या हातातून घेतला. दारं काढायच्या आधी त्यानं केबिनच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल वेल्डिंगच्या ठिपक्यांनी टॅक केला, म्हणे दार निघालं की केबिन पाय फाकवते, मग तेच दार परत जन्मात बसत नाही. हौद्याच्या फळ्या उलट्या केल्या तर खाली केळीच्या चिकाचे काळे डाग, अजून तसेच. सावद्याची किती केळी गेली असतील त्याच्यावरून.

तर परवा डावं मडगार्ड काढलं. हो, तेच.

आता परत सुरू करू नकोस की स्टेअरिंगवर कोण होतं. स्टेअरिंगवर मी होतो, पण डाव्या खिडकीत तू होतास, आणि एवढ्या लांब बोनेटच्या गाडीची डावी बाजू ड्रायव्हरला कधी दिसते का? बाभूळ आली की ओरडायचं तुझं काम होतं. तू ओरडलास, बाभूळ लागल्यावर.

मडगार्ड उलटं टाकून दादूच्या पोरानं घासायला घेतलं. आतून आपलं गोणपाट दिसलं. मग वरून निळा रंग निघाला, त्याखाली रेड ऑक्साइड, आणि त्याखाली भो, रिव्हेट मारलेलं पत्र्याचं ठिगळ. ठिगळ आपण नव्हतं मारलं. आपण रात्रभर गोणपाट आणि डांबर थापलं होतं आणि वरून बैलांच्या शिंगांचा उरलेला लाल रंग. मामूनं रिव्हेट छिन्नीनं उडवले, ठिगळ उचकटलं, तर खाली आपला लाल रंग जशाचा तसा, तुझ्या बोटाच्या रेघांसकट. म्हणजे रंगाऱ्यानं बघितलं होतं. आणि १९८८ च्या दसऱ्याला रंग लागला तेव्हा अण्णा दिवसभर खुर्ची टाकून तिथंच बसले होते, आठवतं ना तुला?

आता हिशोब लाव. पोळ्याला दादू पालला घरी गेलेला. दुसऱ्या दिवशी आला, अण्णांनी मडगार्डवरून त्याला ओट्यापुढं उभं केलं, तो पोरांच्या शपथा घेत होता आणि आपण दोघं खांबामागं पुरणपोळी खात होतो. हाकलला. आणि दसऱ्यानंतर अण्णांनी स्वतः पालला जाऊन त्याला परत आणला, पगार वाढवला, पुढं लायसन काढून दिलं, तीच गाडी त्याच्या हातात दिली. आपण म्हणायचो अण्णा म्हातारे झाले, ढिले पडले. पंचेचाळीसचे होते रे तेव्हा.

मी पोराला काही बोलणार एवढ्यात तोच म्हणतो, "काका, ह्ये डांबर कोनं लावलं व्हतं?" मी म्हटलं जुनं काम आहे, माहीत नाही. छप्पन्न वर्षांचा माणूस, परत तेच. तेवढ्यात अण्णा काठी टेकत आले, वाकले, अंगठ्याच्या नखानं डांबर टोकरून बघितलं आणि म्हणाले, "बरं टिकलं रे." माझ्याकडं बघितलंही नाही. जेवायला गेले.

तेव्हापासून झोप नाही. दादूला सांगायचं राहिलं ते राहिलंच. तो गेला तेव्हा तू सुरतेहून आला नाहीस, त्याचा राग माझा अजून आहे, पण मी येऊन तरी काय केलं, खांद्याला खांदा लावला आणि तोंड मिटून परत आलो. दादूनं घरी काय सांगितलं असेल? पोराला आधीच माहीत असेल आणि मला तपासत असेल तर? मामू म्हणतो ते मडगार्ड सडलंय, नवा पत्रा ठोकून देतो, हे भंगारात टाका. मी ते उचलून माडीवर ज्वारीच्या पोत्यांमागं ठेवलंय. सुनबाई रोज विचारते माडीवर काय काढलंय.

एकट्यानं सांगणार नाही मी. खिडकीत तू होतास. पोळ्याला ये, पोरासमोर दोघं बसू, काय बोलायचं ते तेव्हा बघू, कळण्याची भाकरी आणि भरीत करायला सांगतो.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं, ऑपरेशन करतोस का नाही? लेकीचं कळलं, छान झालं, जावई कुठला ते लिही. वहिनींना नमस्कार.

आणि येताना ग्रिलवरचा स्टार घेऊन ये. तुझ्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी आहे, मला पहिल्यापासून माहीत आहे.

तुझा,
भाऊ